गरज ज्येष्ठांत, मदत फाल्गुनांत

दरवर्षीं ज्येष्ठाच्या सुमारास बारावीचा निकाल लागलेला असतो, आणि कासा व त्याच्या भोंवतालच्या पाड्यांतून घरोघर एकच प्रश्न निघतो: मूल पास तर झालें, आतां पुढें काय? या प्रश्नाचें उत्तर गुणपत्रिकेंत नसतें. घरांतल्या डब्यांत किती पैसे उरले आहेत यावर तें अवलंबून असतें. आणि ज्येष्ठांत त्या डब्यांत फारसें कांहीं नसतें, हें आमच्या बाजारपेठेंतील व्यापाऱ्यांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? मागल्या हंगामाचें भात संपत आलेलें. वीटभट्टीवरून आणलेली मजुरी छपरावर व आजारपणांत गेलेली. पुढें बियाणें, खत व आवणी यांचा खर्च उभा. ज्या महिन्यांत कुटुंबाचा हात सर्वांत रिकामा, नेमक्या त्याच महिन्यांत प्रवेशाची फी, पुस्तकें, खोलीचें भाडें व एस. टी.चा पास हे चारहि खर्च एकदम दाराशीं येऊन उभे राहतात.

या गरजेकडे सरकारनें पाहिलेंच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. शिष्यवृत्ति आहे, फीमाफी आहे, वसतिगृहें आहेत. वसतिगृहांत जागा न मिळाल्यास रोख रक्कम देण्याची योजनाहि आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. ही मदत मागावी लागते वर्षाच्या आरंभीं, आणि हातीं पडते ती पुष्कळदां फाल्गुनांत, कधीं कधीं तर परीक्षा होऊन गेल्यावर. ज्या मदतीला गरजेची वेळ कळत नाहीं, तिला गरज कळली असें कसें म्हणावें? याच प्रश्नाचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट लावून घेऊं. विद्यार्थ्यास राज्यानें पैसा देण्याचे दोन हेतु असूं शकतात. एक, त्याच्या बुद्धीचा गौरव करणें. दुसरा, त्याच्या वाटेंतील दारिद्र्याची धोंड बाजूस सारणें. पहिलें बक्षीस होय, आणि बक्षीस काम झाल्यावरच द्यावयाचें असतें. दुसरें साहाय्य होय, आणि तें काम सुरू होण्यापूर्वीं द्यावें लागतें. कारण त्याच्यावांचून काम सुरूच होत नाहीं. पेशवाईंतील दक्षिणा विद्वत्तेची बूज राखण्यासाठीं होती. घेणारा गरीब कीं सधन, हा प्रश्न तींत मुख्य नव्हता. गरज हीच कसोटी मानण्याची दृष्टि महाराष्ट्रांत रुजली ती पुढें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें व नंतर एकामागून एक इतर समाजांसाठींहि वसतिगृहें उभीं केलीं, तेव्हां त्यांनीं बक्षिसें वांटलीं नाहींत. राहावयास छप्पर दिलें व जेवावयास ताट दिलें. सयाजीराव महाराजांनीं १९१३ सालीं डॉ. आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठांत धाडलें, तें दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां देऊन. 'आधीं पदवी घेऊन या, मग पैशांचें पाहूं,' अशी बोली बडोद्याच्या दरबारानें केली असती, तर या देशाचा पुढील इतिहासच निराळा झाला असता.

हीच दृष्टि कायद्याच्या कागदावर उतरली ती हिंदुस्थान सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या रूपानें. अनुसूचित जातींसाठीं ती १९४४ सालीं सुरू झाली आणि १९४८-४९ पासून अनुसूचित जमातींस लागू झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणें डहाणू तालुक्यांत दर दहा माणसांत सुमारें सात, व तलासरी तालुक्यांत नऊ, अनुसूचित जमातींचीं आहेत. वारली, कोकणा, काटकरी, मल्हार कोळी, धोडिया हे आमचे शेजारी. तेव्हां आमच्या मुलुखाचा विचार करतां ही शिष्यवृत्ति म्हणजे कोपऱ्यांतील एखादी योजना नव्हे; महाविद्यालयाचा मुख्य दरवाजाच ती. जमातींच्या बाबतींत तिच्या खर्चाचे शंभरांतील पंचाहत्तर रुपये केंद्र सरकार व पंचवीस राज्य सरकार सोसतें. आईबापांचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असावें, ही तिची मुख्य अट. अट पुरी झाली कीं, फी सरकार भरतें व वर थोडा निर्वाहभत्ता मिळतो.

ही गोष्ट एकाच समाजापुरती आहे असेंहि व्यापारी वाचकांनीं समजूं नये. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील खुल्या वर्गाच्या विद्यार्थ्यांस राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेखालीं फीचा भाग परत मिळतो; आणि २०२४-२५ पासून याच मर्यादेंतील घरांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली आहे. जुन्या मंडळींस यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दींतील बाराशे रुपयांच्या उत्पन्नमर्यादेची फीमाफी आठवत असेल. आज गांवोगांव शिक्षक, कारकून व वकील म्हणून मानानें वावरणाऱ्या पुष्कळांच्या पदवीस त्या माफीचा आधार आहे.

आतां या मदतीचें माप पाहूं. २०१० सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें साध्या पदवीच्या वर्गांत शिकणाऱ्या व घरून येजा करणाऱ्या जमातीच्या विद्यार्थ्यास दरमहा ३०० रुपये, व वसतिगृहांत राहणाऱ्यास ५७० रुपये भत्ता मिळावयाचा होता. तीनशें रुपये म्हणजे दिवसास दहा. दहा रुपयांत आज काय येतें, हें दुकानदारास सांगावयास नको. यापेक्षां अधिक समजूतदारपणा दिसतो तो २०१६ सालच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेंत. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यास भोजन, निवास व निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या शहरांत ५१,००० व जिल्ह्याच्या ठिकाणीं ४३,००० रुपये असे दर तींत घातले गेले. पुढें तालुक्याच्या ठिकाणासाठीं ३८,००० रुपयांची पायरी जोडली गेली. या अडतीस हजारांत भोजनाचे २३,०००, निवासाचे १०,००० व इतर खर्चाचे ५,०००. दहा महिन्यांचें वर्ष धरलें तर जेवणास दरमहा २,३०० व खोलीस १,००० रुपये पडतात. रक्कम उदार नाहीं. परंतु तीन-चार मुलें एकत्र राहून, हातानें भाकरी थापून, ती पुरवतील. मात्र ती हातीं असली तर.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलहि दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. अडीच लाखांची रेषा २०१३ च्या सुमारास आंखली गेली, आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ती जागची हलली नाहीं. बोईसर-तारापुरच्या कारखान्यांत नवरा-बायको दोघें दरमहा अकरा-अकरा हजारांवर राबत असतील, तर त्यांचें वार्षिक उत्पन्न २,६४,००० रुपये होतें आणि तें घर कागदावर गरीब राहत नाहीं. जमातीच्या मुलाची फी अशा वेळीं राज्य सरकारच्या दुसऱ्या योजनेंतून सुटूं शकते; परंतु भत्ता सबंध जातो. एक रुपया रेषेच्या अलीकडे असला तर सर्व, पलीकडे गेला तर शून्य! अमेरिकेंत १९७२ सालीं सुरू झालेली व पुढें सेनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नांवानें ओळखली जाणारी 'पेल ग्रँट' पायऱ्यापायऱ्यांनीं उतरते. घराची ऐपत जसजशी वाढते तसतशी तेथील रक्कम घटते. एकदम तुटत नाहीं. २०२४-२५ सालीं तिची सर्वांत मोठी रक्कम ७,३९५ डॉलर होती. आणि मुख्य गोष्ट ही कीं, ती सत्राच्या आरंभीं महाविद्यालयाकडे येते. फी वजा जाऊन उरलेला पैसा विद्यार्थ्याच्या हातीं पडतो. तेथेंहि सारें आलबेल आहे असें नाहीं. २०२३ च्या अखेरीस तेथें अर्जाचा नवा नमुना निघाला तो उशिरा व दोषांसह, आणि गरीब घरच्या मुलांचीच त्यांत अधिक तारांबळ उडाली. आमच्या महाडीबीटी पोर्टलाची २०१७ सालीं झालेली फजीती ज्यांस आठवते, त्यांस हें वाचून नवल वाटणार नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. कासा परिसरांतील एका पाड्यावरील वारली मुलीची कल्पना करा. ती घरांतील पहिलीच बारावी पास. डहाणूस जावें तर अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. चारोटी नाक्यावर वाहनाची वाट पाहण्यांत जाणारा वेळ वेगळा. आषाढांत ती प्रवेश घेते. पोर्टल उघडलें कीं अर्ज भरते. अर्ज महाविद्यालयाच्या कारकुनापुढें जातो. तेथून प्रकल्प कार्यालयाकडे. मंजुरी मिळाली कीं निधीची वाट पाहणें आलें. आणि अखेर बँक. या प्रत्येक पायरीवर अर्ज थांबूं शकतो, आणि एक अक्षर चुकलें तर परत फिरूं शकतो. मधल्या काळांत ती जेवते कशी, राहते कोठें, याची नोंद ठेवणारा रकाना त्या पोर्टलावर नाहीं. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळीं फी घेऊं नये असें सरकारनें महाविद्यालयांस बजावलेलें आहे. तथापि कांहीं ठिकाणीं 'आतां भरा, शिष्यवृत्ति आली कीं परत नेा' असें सांगण्यांत येतेंच. ज्याच्याजवळ भरावयास पैसा आहे तो भरतो व मागून परत घेतो. ज्याच्याजवळ नाहीं तो कर्ज काढतो किंवा घरीं परततो. म्हणजे गरजवंतासाठीं काढलेली मदत अखेर त्यालाच पोंचते, ज्याला थोडी कमी गरज होती! हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होय, आणि तो कोणाच्या लबाडीमुळें नव्हे, केवळ उशिरामुळें उत्पन्न होतो.

घरीं परतलेल्या मुलीचें पुढें काय होतें? दिवाळी जवळ आली कीं वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो. तो उत्पन्नाचा दाखला मागत नाहीं. तो रोख उचल पुढें करतो. काम मागून, पैसा आधीं. भट्टीच्या मालकास जें कळतें तें सरकारास कळूं नये काय? उपाशी माणूस आधीं येणाऱ्या पैशामागें जातो. त्यांत त्याचा दोष नाहीं. एकीकडे आज हातांत पडणारी उचल व दुसरीकडे फाल्गुनांत येईल-न-येईल अशी शिष्यवृत्ति, अशी निवड सतरा वर्षांच्या मुलीपुढें टाकावयाची, आणि ती भट्टीवर गेली कीं 'या लोकांस शिक्षणाची आवडच नाहीं' असा शेरा मारावयाचा, हा न्याय नव्हे.

या मुलुखाला वेळेवरच्या मदतीचें नांव नवें नाहीं. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपतें, तेव्हां निभावणीसाठीं मिळणारी ती खावटी. पूर्वीं ती सावकाराकडून मिळे, व तिच्या पायीं जमिनी जात. तें ओळखूनच महाराष्ट्र सरकारनें १९७८ सालीं खावटी कर्जाची योजना काढली. आणि २०२० सालीं टाळेबंदीच्या संकटांत कुटुंबामागें ४,००० रुपयांचें खावटी अनुदान मंजूर केलें, निम्मे रोख व निम्म्याचें धान्यसामान. त्या वाटपांतहि दिरंगाई झाली असेल; परंतु तत्त्व बिनचूक होतें: खावटी पावसांत द्यावयाची, सुगी झाल्यावर नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शिष्यवृत्तीसहि खावटीचा नियम लागू करा.

यावर आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, तपासणी न करितां पैसा आधीं दिला तर खोटे अर्जदार तो लुबाडतील. तपासणी करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तपासणीचा भार कोणी सोसावा हा प्रश्न आहे. आज उशिराची सारी किंमत निर्दोष विद्यार्थी भरतो. ज्या मुलीचा जातीचा दाखला एकदां खरा ठरला, तिची जात दुसऱ्या वर्षीं बदलत नाहीं. मग दरवर्षीं तीच चौकशी नव्यानें कशासाठीं? पहिला हप्ता लहान ठेवा, तो तात्पुरत्या मंजुरीनें द्या, आणि दुसरा हप्ता पूर्ण तपासणीनंतर सोडा. एखादा लबाड निघाला तर सरकारचा एक लहान हप्ता बुडेल. उशिरामुळें मात्र प्रामाणिक मुलीचें सबंध आयुष्य बुडतें. दुसरा आक्षेप असा कीं, रोख पैसा मिळाला तर मुलें तो मोबाइलवर उधळतात. आज अर्जापासून हजेरीपर्यंत सारें मोबाइलवर मागावयाचें आणि मोबाइल घेतला म्हणून नांवें ठेवावयाचीं, ही विसंगति आम्हांस समजत नाहीं. शिवाय ताट मिळालें तर पैसा कोण मागेल? आदिवासी वसतिगृहांतील खाणावळी बंद करून जेवणाचा पैसा खात्यावर देण्याचें सरकारनें २०१८ सालीं ठरविलें, तेव्हां 'आम्हांस पैसे नकोत, जेवण द्या' असें म्हणत विद्यार्थीच पुण्याहून नाशिककडे पायीं निघाले होते. उधळ्यांची ही रीत नव्हे.

कागदपत्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जमातीच्या दाखल्यासाठीं कुटुंबाचा ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा पुरावा मागण्यांत येतो. आतां या तारखेचा आमच्या मुलुखांतील अर्थ पाहा. १९४५ च्या मे महिन्यांत तलासरीजवळच्या झरी गांवीं वारली जमले आणि वेठ करणार नाहीं अशी शपथ त्यांनीं घेतली. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरास तलवाड्याच्या सभेवर गोळीबार झाला. अशा काळांत किती वारली मुलांचीं नांवें शाळेच्या पटावर चढलीं असतील? पाटी हातीं घेण्याच्या वयांत जो जमीनदाराच्या वाड्यावर राबत होता, त्याच्या शाळेचा दाखला आज त्याच्या पणतीनें आणावा! फसवणूक टाळण्यासाठीं पुरावा हवा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु महसुलाचीं जुनीं दप्तरें, गांवनमुने व जन्ममृत्यूच्या नोंदी सरकारच्याच ताब्यांत आहेत. त्या हुडकण्याचें काम सरकारनें मुलीवर टाकूं नये. स्वतःच्या कारकुनावर टाकावें.

तेव्हां आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दाखल्यांचें काम बारावीनंतर नव्हे, नववी-दहावींत सुरू व्हावें, आणि त्यासाठीं तहसीलदार व प्रांत यांच्या कचेऱ्यांनीं आश्रमशाळांत व माध्यमिक शाळांत जाऊन शिबिरें भरवावीं. प्रवेश निश्चित झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत पहिला हप्ता खात्यावर जमा व्हावा. अर्ज कोणत्या मेजावर किती दिवस पडून आहे, हें प्रत्येक महिन्यास महाविद्यालयाच्या फलकावर लागावें. दिरंगाईला नांव मिळालें कीं ती पुष्कळशी आपोआप कमी होते. भत्त्याचे दर व उत्पन्नाची मर्यादा महागाईशीं बांधावी, आणि मर्यादेची रेषा पायऱ्यांची करावी.

परंतु सारें सरकारवर लोटून स्वस्थ बसणें हेंहि आम्हांस शोभणार नाहीं. सूर्येचें पाणी वसई-विरारच्या नळांपर्यंत गेलें. महामार्गानें व्यापार वाढला. कासा-चारोटीच्या दुकानांची भरभराट ज्यांच्या मजुरीच्या पैशावर झाली, तीं घरें या पाड्यांतलींच आहेत. पंचवीस व्यापाऱ्यांनीं प्रत्येकीं दोन हजार रुपये काढले तर पन्नास हजारांचा फिरता निधि होतो, आणि पंचवीस विद्यार्थ्यांस ज्येष्ठांत प्रत्येकीं दोन हजार बिनव्याजी देतां येतात. शिष्यवृत्ति आली कीं तो पैसा परत निधींत. ही भीक नव्हे आणि सावकारीहि नव्हे. माल येईपर्यंत एकमेकांस सांभाळून घेण्याची जी रीत बाजारांत रोज चालते, तीच ही. सुशिक्षित मंडळींनीं आठवड्यांतील एक संध्याकाळ अर्ज तपासून देण्यासाठीं द्यावी. दाखल्यावरील नांव, आधारावरील नांव व गुणपत्रिकेवरील नांव अक्षरशः एक आहे कीं नाहीं, आणि खातें आधारशीं जोडलेलें आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी कित्येक अर्ज परत फिरण्याचे वांचतील. पैसा बहुधा आधारशीं जोडलेल्या खात्यावरच जातो. घरांत भलतेंच जुनें खातें जोडलेलें असलें कीं तो तेथें जाऊन पडतो, आणि मुलगी इकडे 'आला नाहीं' म्हणून वाट पाहत राहते.

सुमारें ऐंशीं वर्षांपूर्वीं या मुलुखांतील माणसांनीं फुकट राबण्यास नकार दिला. त्यांच्या नातवंडांस व पणतवंडांस शिकण्याचा हक्क कायद्यानें मिळाला आहे, पैसाहि अंदाजपत्रकांत मांडला जातो. उरला आहे तो प्रश्न फक्त महिन्याचा. आवणीचा मुहूर्त टळल्यावर पडलेला पाऊस कितीहि मुसळधार असला तरी त्या वर्षाचें भात पिकवीत नाहीं, हें आमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. सरकारी कचेऱ्यांनींहि तें त्याच्याकडून शिकून घ्यावें.